वर येण्याची गोष्ट : बेन कार्सन यांचे आत्मचरित्र कसे वाचावे

मागील घटकात आपण चरित्र आणि आत्मचरित्र यांच्या स्वरूपाचा परिचय करून घेतला. या घटकात त्याच वाङ्मयप्रकाराची एक अतिशय लोकप्रिय शाखा आपल्या अभ्यासाचा विषय आहे. दरिद्री घरात जन्मलेले मूल शिकून मोठ्या पदाला पोचते आणि मग त्या वाटचालीची कथा सांगितली जाते, ती ही शाखा. शालेय पाठ्यपुस्तके, रविवारच्या पुरवण्या, सत्काराची मानपत्रे, एकसष्टीचे गौरवग्रंथ यांतून अशा कथा आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की पहिला परिच्छेद वाचला की शेवटचा आपोआप सुचतो. आणि जे आपोआप सुचते ते आपण नीट वाचत नाही.

जवळचे उदाहरण घेतले तर आदर आड येतो, चार प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो. म्हणून येथे मुद्दाम दूरचे उदाहरण निवडले आहे. अमेरिकेतील मेंदूचे शल्यचिकित्सक डॉ. बेंजामिन कार्सन यांनी सेसिल मर्फी या सहलेखकाच्या साहाय्याने लिहिलेले 'गिफ्टेड हँड्स' हे आत्मचरित्र १९९० साली प्रसिद्ध झाले. ते जगभर वाचले गेले आणि २००९ साली त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही निघाला. डेट्रॉइटमधल्या एका गरीब कृष्णवर्णीय घरातला, वर्गात 'ढ' म्हणून हिणवला जाणारा मुलगा वयाच्या ३३व्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालमेंदूशल्यचिकित्सा विभागाचा प्रमुख होतो, असे हे कथानक आहे. या कथानकाला आपण व्याकरणातला एक साधा प्रश्न विचारणार आहोत : येथे कर्ता कोण? मराठीत 'कर्ता' हा शब्द वाक्यातल्या पदासाठी वापरतात, तसाच घर चालवणाऱ्या माणसासाठीही वापरतात. दोन्ही अर्थ पुढे आपल्या उपयोगी पडतील.

'परिस्थिती' आणि 'मात'

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत गरिबीचा उच्चार सहसा आडवळणाने होतो. 'घरची परिस्थिती बेताची होती', 'दिवस ओढगस्तीचे होते', 'शिकायची इच्छा होती पण परिस्थिती नव्हती.' या शेवटच्या वाक्यात 'परिस्थिती' या शब्दाचा अर्थ सरळ 'पैसा' असा झाला आहे. शब्दाच्या घटनेकडे पाहिले तर तो केवळ सभोवतालची स्थिती सुचवतो. व्यवहारात मात्र संकोचापोटी आपण त्याला दारिद्र्याचे पांघरूण केले. संकोच समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे एक गोष्ट घडते. परिस्थिती ही पावसापाण्यासारखी, कोणीही न घडवलेली, आपली आपण असलेली वस्तू वाटू लागते. ती का आली, कोणत्या कायद्याने, कोणत्या व्यवहाराने आली, हे विचारण्याची जागाच त्या वाक्यात राहत नाही.

पुढचे वाक्य ठरलेले असते : 'परिस्थितीवर मात करून तो वर आला.' मात हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला. त्या खेळात दोनच खेळाडू असतात. एका बाजूला नायक, दुसऱ्या बाजूला परिस्थिती. इतर सारे प्रेक्षक. 'वर येणे' या प्रयोगातही येणारा एकटाच असतो, शिडी कोणी धरली होती हे क्रियापद सांगत नाही. ही भाषा खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. कष्ट खरे असतात, जिद्दही खरी असते. मात्र तिच्यात काय मावत नाही, हे पाहण्यासाठी आता आपण कार्सन यांच्या बालपणाचा तपशील तपासू.

डेट्रॉइट : एका घराचा जमाखर्च

बेन कार्सन यांचा जन्म १८ सप्टेंबर १९५१ रोजी डेट्रॉइट येथे झाला. आईचे नाव सोन्या. मराठी कानाला हे एखाद्या लाडक्या मुलाचे नाव वाटेल, पण अमेरिकेत ते बाईचे नाव आहे. त्या टेनेसी राज्यातील ग्रामीण भागातल्या. मुलाने लिहिले आहे त्यानुसार २४ भावंडांपैकी एक. शिक्षण तिसरीपर्यंत आणि लग्न १३व्या वर्षी. नवरा वयाने बराच मोठा. दक्षिणेतील वंशभेदाचे कायदे आणि शेतीतली दैना यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे विसाव्या शतकात उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत गेली. हे जोडपेही त्या लोंढ्याबरोबर डेट्रॉइटला आले. रॉबर्ट कार्सन मोटार कारखान्यात कामगार होते आणि धर्मोपदेशही करीत. काही वर्षांनी सोन्या यांना कळले की नवऱ्याचे आणखी एक कुटुंब आहे. बेन आठ वर्षांचा आणि थोरला भाऊ कर्टिस दहा वर्षांचा असताना घर मोडले.

थोडा काळ ही माणसे बॉस्टनला सोन्या यांच्या बहिणीकडे राहिली. जागा चाळवजा जुन्या इमारतीत होती. उंदीर आणि झुरळे यांचा सुळसुळाट. १९६१ साली ती डेट्रॉइटला परतली. सोन्या श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई आणि मुले सांभाळण्याची कामे करीत. एकाच दिवसात दोन, कधी तीन घरची कामे. पहाटे निघायचे, मुले झोपल्यावर परतायचे. अधूनमधून त्या काही आठवडे नातेवाइकांकडे जाऊन येते असे सांगून घर सोडीत. खरे तर त्या नैराश्यावरील उपचारांसाठी मनोरुग्णालयात दाखल होत असत. मुलांना हे पुष्कळ वर्षांनी कळले. आत्मचरित्रात या गोष्टीला फार थोडी जागा मिळाली आहे. माझ्या मते पुस्तकातील सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. व्याकरणातला कर्ता कोणीही असो, घरातला कर्ता कोण होता आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या चार ओळींतून कळते.

बेन पाचवीत होता. नव्या शाळेत बहुतेक मुले गोरी, अभ्यासात पुढची, आणि हा वर्गात शेवटचा. एकदा गणिताची तीस प्रश्नांची चाचणी झाली. शेजारच्या मुलाकडून तपासून घ्यायची आणि बाईंनी नाव पुकारले की गुण मोठ्याने सांगायचे, अशी पद्धत होती. बेनचे एकही उत्तर बरोबर नव्हते. पाळी आली तेव्हा त्याने 'एकही नाही' या अर्थाचा 'नन' हा इंग्रजी शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटला. बाईंना तो 'नाइन' ऐकू आला. नऊ बरोबर म्हणजे मोठीच सुधारणा, असे समजून त्यांनी कौतुकाला सुरुवात केली. तेवढ्यात पेपर तपासणाऱ्या मुलीने ओरडून खुलासा केला आणि वर्ग खदखदून हसला. उच्चारातील एका स्वराच्या फरकाने मान आणि अपमान यांची अदलाबदल झाल्याचा हा प्रसंग भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे.

यानंतर जे घडले त्याकडे वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. शाळेत सर्व मुलांची सक्तीची नेत्रतपासणी झाली. बेनची दृष्टी इतकी अधू निघाली की फळ्यावरचे लिहिलेले त्याला नीट दिसतच नव्हते. शाळेमार्फत त्याला मोफत चष्मा मिळाला. पुढच्या प्रगतिपुस्तकात गणिताची श्रेणी नापासावरून कशीबशी उत्तीर्णावर आली. जिद्द तीच, बुद्धी तीच, आई तीच. मध्ये फक्त काचेचे दोन तुकडे आले. गौरवपर लेखनात चष्म्यासारख्या वस्तूंना स्थान नसते, कारण चष्मा मात करीत नाही. पण ज्या शाळेत अशी तपासणी झाली नसती तिथला बेन आयुष्यभर 'ढ'च राहिला असता, आणि त्याच्या ढपणाचे कारणही त्याच्याच माथी मारले गेले असते.

मुले नववीच्या सुमारास पोचली तोवर सोन्या यांनी इतर सर्व सरकारी साहाय्य सोडले होते, फक्त अन्नखरेदीची सरकारी कुपने चालू होती. आपल्याकडील शिधापत्रिकेची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. त्या कुपनांवाचून घर चालले नसते, असे कार्सन यांनी स्वतःच नोंदवले आहे. हा उल्लेख लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

येथे थोडे थांबा. आतापर्यंतच्या तीन-चार परिच्छेदांत बेन ज्या क्रियांचा कर्ता आहे अशी वाक्ये किती आहेत आणि इतर कोणी कर्ता आहे अशी किती, हे समासात खुणा करून मोजा.

वाचायला लावणे

सोन्या ज्या घरी कामाला जात तेथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. त्या घरांत पुस्तके पुष्कळ होती आणि माणसे दूरचित्रवाणीसमोर फार वेळ बसत नसत. एके दिवशी त्यांनी आपल्या घरात नियम जाहीर केला. आठवड्यातून दोनतीनच कार्यक्रम पाहायचे, तेही आधी ठरवून. उरलेल्या वेळात सार्वजनिक ग्रंथालयातून दर आठवड्याला दोन पुस्तके आणायची, वाचायची आणि प्रत्येकावर लेखी टिपण तयार करून आईला द्यायचे. पाढे पाठ झाल्याखेरीज बाहेर खेळायला जायचे नाही. मुलांनी कुरकुर केली. नियम हटला नाही. आई टिपणे घेई, त्यांवर बरोबरच्या खुणा करून परत देई. तिला ती टिपणे जेमतेमच वाचता येत होती, हे मुलांना फार उशिरा समजले.

या प्रसंगाचे वर्णन करायला मराठीत नेमके साधन आहे, ते म्हणजे प्रयोजक रचना. 'बेनने पुस्तके वाचली' या वाक्यात एकच कर्ता आहे. 'आईने बेनला पुस्तके वाचायला लावली' या वाक्यात दोन आहेत. ज्याने प्रत्यक्ष क्रिया केली तो प्रयोज्य कर्ता आणि जिच्या प्रेरणेने ती घडली ती प्रयोजक कर्ता. 'शिकणे'पासून 'शिकवणे', 'करणे'पासून 'करवणे', 'बसणे'पासून 'बसवणे' अशी रूपे आपण रोज वापरतो. वाचण्याच्या बाबतीत मात्र भाषेने एक गंमत केली आहे. 'वाचणे'चे साधे प्रयोजक रूप 'वाचवणे' व्हायला हवे. पण ते रूप आधीच दुसऱ्या 'वाचणे'ने, म्हणजे जीव बचावण्याच्या अर्थाच्या क्रियापदाने, अडवून ठेवले आहे. दोन्ही क्रियापदे उगमाने वेगळी, लेखनात तंतोतंत सारखी. म्हणून पुस्तकाच्या बाबतीत आपल्याला 'वाचायला लावणे' असा लांबचा रस्ता धरावा लागतो.

प्रयोजक कर्त्याला ती क्रिया स्वतःला येत असली पाहिजे, अशी अट व्याकरणात नाही. सोन्या कार्सन यांना वाचता येत नव्हते आणि त्यांनी वाचायला लावले. ग्रंथालयाने फी घेतली नाही. ग्रंथपालांनी मुलाच्या आवडीची पुस्तके काढून ठेवली. बेनने प्राण्यांवरच्या पुस्तकांपासून सुरुवात केली, मग वनस्पती, मग खडक. घराजवळून रेल्वेचा रूळ जात असे आणि रुळाकडेच्या खडीत नाना तऱ्हेचे दगड सापडत. पुस्तकात वाचायचे आणि खडीत शोधायचे, असा त्याचा खेळ सुरू झाला.

मग तो प्रसिद्ध प्रसंग घडला. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात काळाभोर, काचेसारखा चकाकणारा दगड दाखवून नाव विचारले. हुशार मुले गप्प. बेनने हात वर केला आणि हा ऑब्सिडियन आहे असे सांगितले. इतकेच नव्हे, तप्त लाव्हा पाण्यात पडून एकदम थंड झाला की तो कसा तयार होतो, हेही सांगितले. वर्ग अवाक झाला. प्रेरणादायी व्याख्यानांत गोष्ट येथे थांबते. खरे तर पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे : शिक्षकांनी त्याला शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बोलावले, दगडांचा संग्रह करायला मदत केली, सूक्ष्मदर्शक हाती दिला. सातवीपर्यंत बेन वर्गात अग्रस्थानी पोचला होता.

सगळेच प्रयोजक कर्ते असे नव्हते. आठवीत सर्वोत्तम विद्यार्थी म्हणून त्याला प्रशस्तिपत्र मिळाले तेव्हा एका शिक्षिकेने सभेतच गोऱ्या मुलांची कानउघाडणी केली. एका काळ्या मुलाला आपल्यापुढे जाऊ दिलेत याची लाज वाटली पाहिजे, असा तिचा रोख होता. 'वर आलेल्या' मुलाला वर आल्यावर काय ऐकावे लागते, याची ही नोंद आपल्याकडील अनेक आत्मकथनांच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून या अभ्यासक्रमाला बसले आहेत, म्हणून सोन्या यांच्याविषयी आणखी एक माहिती. मुले मोठी झाल्यावर त्या स्वतः वाचायला शिकल्या, प्रौढ वयात शालान्त परीक्षेशी समकक्ष असलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि पुढे महाविद्यालयातही गेल्या. त्यांचे स्वतंत्र चरित्र आपल्याला हवे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

शस्त्रक्रियागृहात

येल विद्यापीठातील प्रवेशाची हकीकत कार्सन मिस्कीलपणे सांगतात. प्रवेश अर्जाचे शुल्क दहा डॉलर होते आणि जवळ दहाच डॉलर होते, म्हणजे एकाच विद्यापीठाला अर्ज करता येणार. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत येलच्या चमूने हार्वर्डला हरवलेले पाहिले आणि अर्ज येलला गेला. शिष्यवृत्ती मिळाली. १९७३ साली तेथून पदवी, १९७७ साली मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी, मग जॉन्स हॉपकिन्समध्ये मेंदूशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण. सुरुवातीच्या दिवसांत परिचारिका त्यांना रुग्णाला न्यायला आलेला कर्मचारी समजत, कारण त्या कक्षात कृष्णवर्णीय माणूस त्याच कामाला दिसायची सवय होती. १९८४ साली ते विभागप्रमुख झाले.

त्यांच्या कामगिरीपैकी एक भाषाविज्ञानाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. १९८५ साली त्यांच्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली. तिला दिवसाला शंभरपर्यंत झटके येत. औषधे थकली होती. झटक्यांचा उगम मेंदूच्या डाव्या गोलार्धात होता. तो संपूर्ण गोलार्ध काढून टाकणे हा एकच उपाय शिल्लक होता. ही शस्त्रक्रिया कार्सन यांनी शोधून काढलेली नाही. वॉल्टर डँडी यांनी त्याच रुग्णालयात १९२०च्या दशकात मेंदूतील गाठींवरील उपचार म्हणून ती केली होती. पुढे ती अपस्माराच्या रुग्णांवरही होऊ लागली, पण रक्तस्राव आणि नंतरच्या गुंतागुंती यांमुळे बहुतेक शल्यचिकित्सकांनी ती सोडून दिली होती. हॉपकिन्समधील बालमज्जाविकारतज्ज्ञ जॉन फ्रीमन यांनी तिचा पुन्हा विचार व्हावा असा आग्रह धरला आणि कार्सन यांनी जोखीम पत्करली.

बहुसंख्य माणसांत भाषेचे मुख्य केंद्र डाव्या गोलार्धात असते. प्रौढ माणसाच्या त्या भागाला मोठी इजा झाली तर वाचा जाते किंवा विस्कळीत होते. मग चार वर्षांच्या मुलीचा तो गोलार्धच काढला तर? भीती रास्त होती. परंतु लहान वयात मेंदूची घडण लवचीक असते. एका बाजूची कामे दुसरी बाजू उचलू शकते, आणि दीर्घ आजारात हे स्थलांतर बहुधा आधीच सुरू झालेले असते. मुलगी शुद्धीवर आली आणि बोलली. तिचे झटके थांबले. उजव्या अंगात थोडा अधूपणा राहिला. भाषा ही मेंदूतील एखाद्या कायमच्या खोलीत ठेवलेली वस्तू आहे, या कल्पनेला अशा शस्त्रक्रियांनी मोठा छेद दिला. भाषासंपादनाच्या घटकात आपण याचा अधिक विचार करू.

कार्सन यांचे नाव जगभर झाले ते मात्र सप्टेंबर १९८७ मधील शस्त्रक्रियेमुळे. जर्मनीतील सात महिन्यांची जुळी मुले डोक्याच्या मागील बाजूने जोडलेली जन्मली होती. दोघांची मोठी रक्तवाहिनी सामाईक होती, ती विभागताना मुले रक्तस्रावाने दगावण्याची भीती. उपाय असा ठरला की दोघांचे शरीर थंड करून हृदय थांबवायचे, रक्ताभिसरण बंद असतानाच साधारण तासाभरात रक्तवाहिनी नव्याने रचायची आणि मग हृदय पुन्हा सुरू करायचे. शस्त्रक्रिया २२ तास चालली. ७० जणांचे पथक होते. मेंदूशल्यचिकित्सा विभागाचे ज्येष्ठ प्रमुख डॉनलिन लाँग, हृदयशल्यविशारद, भूलतज्ज्ञ, सुघटनशल्यविशारद, परिचारिका, तंत्रज्ञ. कित्येक महिन्यांची पूर्वतयारी होती, बाहुल्यांवर रंगीत तालमी झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीपासून जगाने वाचलेले वाक्य असे होते : कार्सन यांनी जुळ्यांना विलग केले. कर्ता एकवचनी.

शस्त्रक्रिया 'यशस्वी' झाली, कारण दोन्ही मुले जिवंत होती. पण दोघांच्याही मेंदूला गंभीर इजा पोचली होती आणि सामान्य आयुष्य त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. वैद्यकाच्या परिभाषेतील 'यश' आणि आईच्या भाषेतील 'यश' या एकाच शब्दात किती अंतर असू शकते, हे यावरून दिसेल. मी यात शल्यचिकित्सकाला दोष देत नाही. न करण्याचा पर्यायही क्रूर होता. प्रश्न कथनाचा आहे. १९९७ साली दक्षिण आफ्रिकेत झांबियातील जुळ्या मुलांवर २८ तासांची शस्त्रक्रिया झाली, ती मुले मात्र चांगली वाढली. २००३ साली सिंगापूरमध्ये इराणच्या २९ वर्षांच्या बिजानी भगिनी विलग करताना दगावल्या. त्या पथकातही कार्सन होते. या तीन घटना एकत्र ठेवल्या म्हणजे शल्यचिकित्सकाचे जीवन दिसते. फक्त पहिलीची पहिली बातमी ठेवली म्हणजे 'वर येण्याची गोष्ट' तयार होते.

निवेदक आणि पुरावा

आत्मचरित्रातील एक प्रसंग वाचकांवर विशेष परिणाम करतो. चौदा वर्षांचा संतापी बेन क्षुल्लक भांडणात मित्राच्या पोटावर चाकू चालवतो. पाते मित्राच्या पट्ट्याच्या बकलावर आपटून तुटते. बेन घाबरून न्हाणीघरात तासन्‌तास बसतो, बायबलमधील नीतिवचने वाचतो, आणि राग कायमचा जातो. २०१५ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या वेळी पत्रकारांनी त्यांच्या बालपणाच्या ओळखीच्या माणसांकडे चौकशी केली, तेव्हा बोललेल्यांपैकी कोणालाच असा हिंसक मुलगा आठवेना. कार्सन यांनी प्रसंग खराच असल्याचे आणि संबंधितांची नावे पुस्तकात बदलल्याचे सांगितले. सत्य काय याचा निकाल लावण्याची साधने आपल्याजवळ नाहीत आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याची निकडही नाही. आपण एवढेच पाहायचे की हा प्रसंग कथेत कोणते काम करतो. वाल्याचा वाल्मीकी होण्यासाठी आधी वाल्या असावा लागतो. पालटाच्या कथेला खोल दरीची गरज असते, तरच चढण उंच दिसते. आपल्या संतचरित्रांत हा साचा जुना आहे. ख्रिस्ती परंपरेतही तो तितकाच जुना आहे, आणि कार्सन हे श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. पुस्तकाच्या नावातील 'गिफ्टेड' हा शब्दही देणाऱ्याकडे बोट दाखवतो. तो दाता ईश्वर आहे, असे लेखकाला म्हणायचे आहे.

आता त्या कुपनांकडे परत येऊ. शस्त्रक्रियेतून २०१३ साली निवृत्त झाल्यावर कार्सन राजकारणात उतरले. सरकारी साहाय्याने माणसे परावलंबी होतात, ही भूमिका त्यांनी वेळोवेळी मांडली. २०१७ साली ते अमेरिकेचे गृहनिर्माण व नगरविकास मंत्री झाले, म्हणजे गरिबांच्या घरांसाठीचे सरकारी साहाय्य ज्या खात्यातून जाते त्याचे प्रमुख. त्याच वर्षी एका मुलाखतीत, दारिद्र्य ही बऱ्याच अंशी मनाची अवस्था आहे, असे ते म्हणाले. त्यावर वादळ उठले. राजकीय मताशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. मात्र हे मत कोठून येते हे पाहण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे आपली गोष्ट एकवचनी कर्त्याने सांगत राहिले की सांगणाऱ्यालाही तीच खरी वाटू लागते. चष्मा, कुपने, ग्रंथालय, शिष्यवृत्ती ही मंडळी पुस्तकात आहेत, पानोपानी आहेत, पण ती गोष्टीच्या निष्कर्षात नाहीत. आणि असा निष्कर्ष वाचून जो माणूस वर येऊ शकला नाही तो स्वतःलाच अपराधी मानू लागतो. या वाङ्मयप्रकाराचा मला जाणवणारा मोठा धोका हाच आहे.

मराठी वाचकाजवळ याहून वेगळे नमुने आहेत. नरेंद्र जाधव यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नाव 'आमचा बाप आन् आम्ही' असे आहे. लेखक उच्चविद्याविभूषित अर्थतज्ज्ञ आहेत, तरीही नावात पहिला मान बापाला आणि 'मी'च्या जागी 'आम्ही'. दया पवार यांचे 'बलुतं' किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही शीर्षके तर व्यक्तीचे नाव न घेता व्यवस्थेचे नाव घेतात. त्या पुस्तकांत 'परिस्थिती' हा शब्द पांघरुणासारखा वापरलेला नाही, कारण परिस्थिती कोणी घडवली हेच सांगायला ती लिहिली गेली. 'गिफ्टेड हँड्स' आणि यांपैकी एक पुस्तक शेजारी ठेवून वाचल्यास दोन्हींचे गुण आणि मर्यादा स्पष्ट होतील.

स्वाध्याय

आपल्या गावातील किंवा तालुक्यातील एखाद्या यशस्वी व्यक्तीवर वृत्तपत्रात आलेला परिचयलेख मिळवा. त्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. 'परिस्थिती', 'जिद्द', 'मात' हे शब्द कोठे आले आहेत ते पाहा आणि त्या जागी प्रत्यक्ष काय घडले असावे, याची शक्य असल्यास त्या व्यक्तीकडे किंवा तिच्या घरच्यांकडे चौकशी करा : फी कोणी भरली, राहायची सोय कोठे झाली, घरातले कोणते भावंड शाळेतून काढले गेले. मग तोच लेख किमान पाच प्रयोजक रचना वापरून सुमारे ३०० शब्दांत पुन्हा लिहा आणि मूळ कात्रणासह पुढील संपर्कसत्राला घेऊन या.